लिंकनसाहेब आणि त्यांचा खुंट

आमच्या घरामागे अंगण म्हणायला लाज वाटावी एवढीच जागा आहे. आठ बाय दहा फूट. त्यातली निम्मी तुळस, कढीपत्ता आणि वॉशिंग मशीनचा पाईप यांच्या मालकीची. उरलेल्या कोपऱ्यात दोन वर्षांपूर्वी मी एक गुलाब लावला. चिठ्ठीवर 'मिस्टर लिंकन' असं लिहिलेलं. पहिल्याच हिवाळ्यात फूल आलं. गडद लाल, मखमलीसारखं. आई ते नाकाशी धरून कितीतरी वेळ नुसती उभी होती. "गुलाबाला वास असतो हे विसरलेच होते रे मी," म्हणाली.

तर या पावसाळ्यात झालं असं की, अगदी बुंध्यापासून एक नवी फूट निघाली. काय तिचा जोम! दीड-दोन महिन्यांत माझ्या खांद्याला लागली. मी खूश. शेणखत घातलं, काठी बांधली, हापिसात दोघा-तिघांना फोटोही दाखवले. वरच्या जुन्या फांद्या एकेक करून वाळत होत्या, पण म्हटलं असेल वयोमान, आणि कापून टाकल्या. डिसेंबर उजाडला तरी कळीचा पत्ता नाही. शेवटी माळीकाकांना बोलावलं. त्यांनी काही न बोलता त्या फुटीचं एक पान तोडून माझ्या हातात दिलं.

"मोजा दादा."

सात पर्णिका होत्या. मग उरलेल्या एकुलत्या एक जुन्या फांदीचं पान दिलं. पाच.

"खुंट पोसलात तुम्ही. लिंकन उपाशी मेला."

इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नंतरची नोकरी, एवढं सगळं करून मी गेले चार महिने चुकीच्या झाडाला खत घालत होतो. तो वीकांत मग वाचण्यातच गेला.

आपण ज्याला गुलाबाचं एक झाड म्हणतो ती खरं तर दोन झाडं असतात, हे मला माहीतच नव्हतं. जमिनीतलं मूळ आणि बुंधा एका रानटी, काटक गुलाबाचा. तो म्हणजे खुंट. त्याच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा छेद देऊन आत हव्या त्या गुलाबाचा एक डोळा बसवायचा. याला डोळा भरणं म्हणतात. डोळा फुटला की खुंटाचा वरचा भाग कापून टाकायचा. हे सगळं एवढ्यासाठी की लिंकनचं बी पेरलं तर लिंकन उगवत नाही, भलतंच काहीतरी उगवतं. म्हणजे १९६४ साली कॅलिफोर्नियातून बाजारात आलेलं ते एकच झाड, डोळ्यामागून डोळा, हातामागून हात, जगभर कॉपी-पेस्ट होत आलंय. आणि ती कॉपी मी माझ्या हाताने डिलीट केली. असो.

आता बी पेरून का उगवत नाही, तर या बाबाची वंशावळ भयानक आहे म्हणून.

लाल गुलाब ही मला आजवर अगदी आदिम गोष्ट वाटायची. पण अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत युरोपातल्या बागांमध्ये आपल्या डोक्यात असतो तसा लाल गुलाब नव्हताच. होते ते गुलाबी, पांढरे, फार तर जांभळट लाल. सुगंध अफाट, पण एखाददुसरा अपवाद सोडला तर बहर वर्षातून एकदाच. वर्षभर फुलणारा किरमिजी गुलाब होता चीनमध्ये. १७९२च्या सुमारास गिल्बर्ट स्लेटर या ईस्ट इंडिया कंपनीशी संबंधित गृहस्थांकडे तो इंग्लंडात फुलला. गंमत म्हणजे फ्रेंच लोक या चिनी गुलाबांना 'बंगालचे गुलाब' म्हणायचे, कारण माल यायचा कलकत्त्यामार्गे. आपल्या देशाला फुकटचं श्रेय मिळाल्याचं हे दुर्मिळ उदाहरण :)

हे चिनी गुलाब सारखे का फुलतात याचं उत्तर २०१२ साली मिळालं आणि ते मला बेहद्द आवडलं. रानटी गुलाबात केएसएन नावाचा एक जनुक असतो. एरवी 'आता फुलू नकोस' असं झाडाला सांगणं हे त्याचं काम. चिनी गुलाबात त्या जनुकाच्या मधोमध डीएनएचा एक भटका तुकडा घुसून बसलाय, त्यामुळे ब्रेक निकामी. म्हणजे मूळचा हा चक्क बग! कुणा जुन्या चिनी माळ्याने तो फिक्स न करता जपला आणि आपल्याला बारमाही गुलाब मिळाला. माझ्या त्या खांद्याएवढ्या फुटीचा ब्रेक मात्र शाबूत असणार. चुकीच्या अंगणात येऊन नियमाप्रमाणे वागत होती बिचारी.

पुढे युरोपी आणि चिनी गुलाबांचे संकर सुरू झाले. लिऑनच्या ज्याँ-बाप्तिस्त गियोचा 'ला फ्रान्स' (१८६७) हा पहिला हायब्रीड टी मानला जातो. लांब दांडा, एका दांड्यावर एक मोठं फूल, टोकदार कळी. सिनेमात नायक देतो तो गुलाब. पण 'ला फ्रान्स' गुलाबी होता. लाल रंग, सुगंध, बारमाही बहर आणि ताठ मान हे चारही गुण एकाच झाडात आणायला अजून बरीच वर्षं जायची होती. लाल रंग मिळाला तर मान लवायची, किंवा फूल दोन दिवसांत जांभळं पडायचं. १९१९चा डच 'एत्वाल द ओलांद' बराच जवळ पोचला.

मोठी उडी मारली विल्हेल्म कॉर्डेसने. हा जर्मन तरुण इंग्लंडात मित्राबरोबर नर्सरी चालवत होता. १९१४ला महायुद्ध पेटलं आणि शत्रुदेशाचा नागरिक म्हणून त्याला आयल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत डांबलं. तिथे युद्ध संपेपर्यंत हा गडी काय करत होता, तर गुलाबांवर आणि मेंडेलच्या अनुवंशशास्त्रावर मिळेल ते वाचत होता. आपण लॉकडाऊनमध्ये काय केलं ते आठवून मला फारच ओशाळं वाटलं. १९३५ला त्याचा 'क्रिमझन ग्लोरी' आला. काळपट मखमली लाल आणि घमघमाट. फक्त मान जराशी नाजूक.

तिथून वंशवेल अमेरिकेत जाते. 'क्रिमझन ग्लोरी'ची मुलगी 'शार्लट आर्मस्ट्राँग'. १९५२चा 'क्रायस्लर इंपीरियल' तिचं मूल, आणि वर तिचा नातूही, कारण त्याचे दुसरे पालक 'मिरँडी' हेही तिचंच अपत्य! नात्यांचा हा गुंता आपल्याकडच्या कुठल्याही लग्नाच्या याद्यांना भारी पडेल. त्याचं नाव गाडीवरून ठेवलेलं. निर्माता वॉल्टर लॅमर्ट्स. हे गृहस्थ गुलाबांच्या नव्या जाती घडवायचे आणि त्याच वेळी उत्क्रांतीवाद साफ चूक आहे म्हणून संस्थाही चालवायचे. माणसाच्या डोक्यात दोन खुंट कसे नांदतात बघा.

या 'क्रायस्लर'चा संकर झाला 'शार्ल मालेरँ'शी. हा जवळजवळ काळा फ्रेंच गुलाब, आणि ज्यांचं नाव त्याला दिलंय ते मालेरँ पेशाने इंजिनिअर, गुलाबाच्या नादाला लागलेले. (बंधू!) हाच संकर दोन खंडांत दोघांनी स्वतंत्रपणे केला. फ्रान्समध्ये मेयाँ घराण्याने, त्यांचा 'पापा मेयाँ' १९६३चा. कॅलिफोर्नियात स्विम आणि वीक्स या जोडीने, त्यांचे 'ओक्लाहोमा' आणि 'मिस्टर लिंकन', दोन्ही १९६४चे. आईबाप तेच, भावंडं तीन. 'पापा मेयाँ' रंगाने आणि वासाने राजा, पण भुरी आणि काळे ठिपके त्याच्या पाचवीला पुजलेले. लिंकन धट्टाकट्टा. छोट्या अंगणात, माझ्यासारख्या अडाण्याच्या हाताखाली, तोच टिकावा. म्हणजे टिकला असता.

या 'पापा मेयाँ'मुळे आणखी एक कोडं सुटलं. गुलाबाचा वास पाकळीत नेमका कसा बनतो हे शोधण्यासाठी फ्रेंच शास्त्रज्ञांनी सुगंधी 'पापा मेयाँ' आणि त्याच घराण्याचा बिनवासाचा 'रूज मेयाँ' समोरासमोर ठेवले. २०१५ला उत्तर छापून आलं. एनयूडीएक्स१ नावाचं एक विकर 'पापा'च्या पाकळीत जोरात काम करतं, 'रूज'मध्ये जवळजवळ नाहीच. या कुळातली इतर विकरं जीवाणूंपासून आपल्यापर्यंत सगळ्यांच्या पेशींत सफाईचं काम करतात. गुलाबाने त्यातल्याच एकाला अत्तराच्या धंद्याला लावलंय.

आईला वासाचा विसर का पडला होता तेही यात आलंच. मावळातल्या पॉलिहाऊसमधून फेब्रुवारीत पेट्याच्या पेट्या लाल गुलाब निघतात ना, ते 'टॉप सीक्रेट'सारखे वाण. त्यांची निवड होते दांडा किती लांब, विमानात किती टिकतो, फुलदाणीत किती दिवस उभा राहतो यावर. वास हा रकानाच त्या तक्त्यात नाही. शेतकऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, त्याला पैसे दांड्याचे मिळतात. पण पंचवीस-तीस वर्षं हेच गुलाब हातात घेऊन घेऊन 'गुलाबाला वास नसतो' असं समजणारी एक अख्खी पिढी तयार झाली, त्यात मी आलो, याचं मला वाईट वाटतं.

तर आता उरलं होतं काय? एक सुकत चाललेली फांदी, तिच्यावर तीन धड डोळे. आणि शेजारी माझा लाडका, रसरशीत, बिनकामाचा खुंट. मी कात्री घेऊन त्याच्याकडे निघालो तर काका ओरडले, "त्याला कुठं मारताय? त्याच्यावरच भरू की डोळे! असा जोमदार खुंट विकत मिळायचा नाही." लिंकनचं पेटंट कधीच संपलंय, तेव्हा कायद्याचीही भीती नव्हती. काकांनी चाकूने साल उचलली, डोळा सरकवला, प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली. एकेकाला दोन मिनिटंही लागली नाहीत. तिसरा मला भरायला दिला, त्याला पंधरा लागली.

याला आता साडेतीन आठवडे झाले. परवा पट्ट्या सोडल्या. माझा डोळा काळा पडलाय, अपेक्षेप्रमाणे. काकांचा एक गळून गेला. एक हिरवा आहे, टोक किंचित लालसर, तांदळाच्या दाण्याएवढं. तो चांगला वीतभर वाढेपर्यंत वरचा खुंट एकदम उडवायचा नाही असं काका बजावून गेलेत. कात्री सध्या आईने जप्त केली आहे.