दाव्याचा खर्च कोणाचा? हरकीपासून विधिसेवेपर्यंत

हक्क कागदावर मिळणें निराळें आणि तो न्यायासनापुढें शाबीत करून घेणें निराळें. या दोहोंच्या मध्यें खर्च उभा असतो. तो राजद्रव्यांतून व्हावा कीं नाहीं, हा वाद अलीकडे घटनात्मक दाव्यांच्या संबंधानें निघतो; परंतु त्याचीं मुळें जुनीं असल्यामुळें येथें त्याचा परामर्श घेणें अप्रस्तुत होणार नाहीं.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत राजाला दोन निषेध सांगितले आहेत : त्यानें किंवा त्याच्या सेवकानें आपण होऊन वाद उपस्थित करूं नये, आणि दुसऱ्यानें आणलेला वाद गिळूंही नये. त्याच अध्यायांत पोरक्या बालकाच्या धनाचें रक्षण मात्र राजाकडेच सोंपविलें आहे. पेशवाईंतील निवाडपत्रें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस ठाऊकच आहे कीं, जिंकणारा हरकी देई व हरणारा गुन्हेगारी. म्हणजे न्याय हें सरकारी उत्पन्नाचें एक कलम होतें. इंग्रजी अमदानींत हरकीच्या जागीं स्टँप आला. 1908 च्या दिवाणी संहितेनें नादारास आरंभीं फी भरल्यावांचून दावा लावण्याची मुभा ठेविली. तथापि वकील, साक्षीदार व हेलपाटे यांचा खर्च उरलाच.

या खर्चाचें ओझें किती काळ वाहावें लागतें, याचें ठळक उदाहरण महाडचें आहे. 1923 सालीं मुंबई विधिमंडळानें सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले केले. 1924 सालीं महाड नगरपालिकेनें चवदार तळ्यापुरती त्यास मान्यता दिली. असें असतां 12 डिसेंबर 1927 रोजीं जो दावा लागला, तो ठराव करणाऱ्यांवर नव्हे, तर त्या ठरावाप्रमाणें वागणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांवर लागला. मज्जावाची वहिवाट अनादि असल्याचें वादींस शाबीत करतां आलें नाहीं, असा मुंबई हायकोर्टाचा अखेरचा निकाल 17 मार्च 1937 रोजीं झाला. हक्क सरकारी, पण त्याच्या रक्षणाचा भार मात्र सव्वानऊ वर्षें प्रतिवादींच्या शिरावर! याच अवधींत आमच्या नाशकांत 2 मार्च 1930 पासून काळारामाच्या दारीं सत्याग्रह चालू होता.

स्वातंत्र्यानंतर दृष्टि पालटली. 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनें घटनेंत कलम 39-अ आलें, व 1987 चा विधि सेवा प्राधिकरण कायदा 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलांत आला. सामाजिक न्यायाचे दावे स्वतः चालविण्याचा अधिकारही त्यानें केंद्रीय प्राधिकरणास दिला. याच प्राधिकरणानें 2012 सालीं तृतीयपंथीयांसाठीं केंद्र सरकारविरुद्ध अर्ज केला. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी याही त्यांत सामील झाल्या. आणि 15 एप्रिल 2014 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांची स्वतंत्र ओळख मान्य केली. सरकारी पैशानें सरकारावरच दावा, ही गोष्ट हरकी घेणाऱ्या न्यायाधीशास अजब वाटली असती.

कानडा देशांत याहून पुढची योजना निघाली. भाषिक हक्कांचे दावे लढविणाऱ्या व्यक्ती व मंडळें यांस 1978 पासून द्रव्य मिळूं लागलें, व 1985 सालीं समतेचे दावेही त्यांत घेतले. पुढें ती 1992 सालीं बंद, 1994 सालीं सुरू, 2006 सालीं पुन्हा बंद व 2017 सालीं पुन्हा सुरू झाली. मंत्रिमंडळाच्या मर्जीवरचें द्रव्य कसें असतें, हें यावरून कळून येतें.

सरकारनें दाव्यास पैसा देणें म्हणजे मनूनें निषेधिलेला वाद उपस्थित करणेंच होय, असा आक्षेप कोणी घेईल. आमच्या मतें पीडा आधींच असते. ऐपतीअभावीं ती न्यायासनापर्यंत न पोंचणें, हें वाद गिळण्याच्या अधिक जवळचें आहे. मात्र कोणत्या दाव्यास पैसा द्यावा, हें प्रतिवादी असलेल्या खात्यानें ठरवूं नये. तो निधि कायद्यानें बांधलेला व स्वतंत्र हातीं असावा.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. आपण निवाडपत्रें जिवापाड जपतों. परंतु विसाव्या शतकांतील दाव्यांचीं वकीलपत्रें, वर्गणीच्या पावत्या व खर्चाच्या वह्या रद्दींत जातात. हक्क कोणी कोणत्या पैशानें मिळविले, हें पुढील अभ्यासकांस त्यांतूनच कळावयाचें आहे.