तांबडा दिवा आणि काळं लुगडं : संशोधकाने एकदा तरी रोल घरी का धुवावा

आमच्या विभागात पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या एका मुलीने मला परवा विचारलं, "ताई, प्रबंधात जुने फोटो वापरायचे असतील तर सुरुवात कुठून करू?" मी म्हटलं, "वाचायचं ते वाचच, पण त्याआधी एक ब्लॅक अँड व्हाइट रोल घे, फोटो काढ आणि तो घरी स्वतःच्या हाताने धू." तिला वाटलं मी थट्टा करतेय. पण माझ्या प्रबंधातली सगळ्यात मोठी चूक मला ग्रंथालयात सापडली नव्हती. ती सापडली आमच्या मोरीत.

चूक अशी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा एका कुटुंबाचा फोटो माझ्याकडे होता. मागच्या रांगेत एक बाई उभी आहे. डोक्यावरून पदर पुढे ओढलेला, कपाळ दिसत नाही, लुगडं काळंभोर. मी बिनधास्त लिहून टाकलं : चंद्रकळा. म्हणजे संक्रांतीला सवाष्णीने नेसायची काळी साडी. म्हणजे बाई सवाष्ण, म्हणजे फोटो सणाचा. एवढ्यावर मी तीन पानांचा युक्तिवाद रचला आणि तो गाइडनाही आवडला.

नंतर हौस म्हणून मोरीत प्रिंट काढायला शिकत होते. खिडकीला काळा कागद, वर तांबडा दिवा. त्या उजेडात फोटोचा कागद उघडा पडला होता आणि त्याला काहीही होत नव्हतं. का? तर या कागदाला निळा-हिरवा उजेड कळतो, तांबडा कळत नाही. त्याच्या लेखी तांबडा उजेड म्हणजे अंधारच. तिथेच डोक्यात प्रश्न आला : मग जुन्या प्लेटला तरी तांबडं लुगडं कुठे दिसलं असेल?

नव्हतंच दिसलं. आणि तांबडं लुगडं म्हटल्यावर आपल्याकडे काय आठवतं? आलवण. केशवपन केलेल्या विधवेने नेसायचं तांबडं वस्त्र. तेव्हाच्या प्लेटवर काळी चंद्रकळा आणि तांबडं आलवण दोन्ही जवळजवळ सारखीच काळी उमटू शकतात. एक सौभाग्याची खूण, दुसरी वैधव्याची. माझी तीन पानं ज्या रंगावर उभी होती, तो रंग फोटोत नव्हताच.

आता यामागचा इतिहास थोडक्यात. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज माणसाने ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर द्रावण ओतायचं, ती ओली असतानाच फोटो काढायचा आणि सुकायच्या आत डेव्हलप करायची. सगळा खेळ काही मिनिटांचा, त्यामुळे फोटोग्राफर जाईल तिथे डार्करूमचा तंबूही जायचा. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्या काळातल्या फोटोंत आकाश पांढरंफट्ट दिसतं. ढग नव्हते म्हणून नव्हे, तर प्लेटला निळा रंग फार लवकर लागायचा म्हणून. म्हणजे 'फोटोत ढग नाहीत, तेव्हा फोटो उन्हाळ्यातला' असं लिहायच्या आधी थांबायला हवं.

१८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली आणि पुढच्या काही वर्षांत तयार प्लेटी बाजारात आल्या. डार्करूम पाठीवर घेऊन फिरायची गरज संपली. १८८८ मध्ये ईस्टमनचा कोडॅक आला. त्यात १०० फोटोंचा रोल भरूनच मिळायचा. तो संपला की अख्खा कॅमेरा कारखान्यात पाठवायचा. फोटो काढणारा आणि फोटो धुणारा अशी दोन माणसं वेगळी झाली. आपण 'रोल धुवायला टाकला' म्हणायचो, ती सवय इथली.

रंगाचं काय? १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या लक्षात आलं की काही रंगद्रव्यं मिसळली तर प्लेटला हिरवाही कळू लागतो. या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटी. तांबड्यासकट सगळे रंग ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटी १९०६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये विक्रीला आल्या. पण त्या आल्या म्हणून ऑर्थो लगेच गेली नाही. याचं एक कारण डार्करूममध्येच आहे : ऑर्थो प्लेट तांबड्या दिव्यात डोळ्यांनी बघत डेव्हलप करता येते, पॅनक्रोमॅटिकला मिट्ट काळोख लागतो. धुणाऱ्याची सोय आणि फोटोतला रंग यांचा असा थेट संबंध आहे. हे मला पुस्तकातल्या इतिहासापेक्षा तांबड्या दिव्याखाली उभं राहिल्यावर जास्त पटलं.

धुणाऱ्याचा विषय निघालाच आहे तर घरातली डार्करूम म्हणजे काय, याचं मराठी माणसाला सगळ्यात जवळचं उदाहरण फाळक्यांचं. १९१२ मध्ये दादासाहेब लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि दादरच्या राहत्या घरात काम सुरू झालं. कच्च्या फिल्मच्या कडेला भोकंसुद्धा घरीच, अंधारात पाडावी लागत. ती पाडणं, केमिकल मिसळणं, फिल्म धुणं यात सरस्वतीबाई होत्या, आणि वर कामावरच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. ३ मे १९१३ ला कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा पडद्यावर दिसलं ते कॅमेऱ्यासमोरचं. अंधारातले हात दिसले नाहीत. स्टुडिओच्या फोटोखालच्या पुठ्ठ्यावरही एकच नाव छापलेलं असतं. प्लेट कोणी धुतली, हा प्रश्न आपणच विचारायचा असतो.

तर आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते.

कॅमेरा जुना, पूर्ण मेकॅनिकल घ्या. पेंटॅक्स के-१००० सारखा, म्हणजे बॅटरी नसली तरी शटर चालतं, फक्त मीटर बंद राहतं. घेताना प्रत्येक स्पीडवर शटर उडवून बघा. लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीचे धागे दिसतात का ते बघा. आपल्या दमट हवेत हा रोग फार. मागच्या झाकणाच्या कडेचा फोम चिकट झाला असेल तर तो बदलावा लागतो, नाहीतर उजेड आत शिरतो. फिल्म ४०० आयएसओची घ्या, नवशिक्याला ती सांभाळून घेते.

रोल धुवायला वेगळी खोली लागत नाही. चेंजिंग बॅग, झाकणाची टाकी, स्पायरल, थर्मामीटर, मापाचे ग्लास, डेव्हलपर आणि फिक्सर एवढं पुरतं. आधी एक वाया गेलेला रोल उजेडात स्पायरलवर चढवून बघा, मग डोळे मिटून, मग बॅगेत. स्पायरल खडखडीत कोरडं हवं. पावसाळ्यात ते दमट राहतं आणि फिल्म मध्येच अडकते. स्वयंपाकाची भांडी यासाठी अजिबात वापरू नका. हातमोजे घाला, खिडकी किंवा एक्झॉस्ट चालू ठेवा.

डेव्हलपर म्हणून १९२७ पासून चालत आलेला डी-७६ घ्या. पाकिटावर लिहिलेले वेळ बहुतेक २० अंश सेल्सिअसचे असतात, आणि इथेच आपली फसगत होते. माझा पहिला रोल मी मे महिन्यात, गच्चीवरच्या टाकीतून आलेल्या पाण्यात, पाकिटावरचा वेळ लावून धुतला. निगेटिव्ह कोळशासारखी काळी झाली. पाणी गरम असलं की डेव्हलपर भराभर काम करतो. आता मी बाटल्या बर्फाच्या बादलीत ठेवते आणि थर्मामीटर २० दाखवेपर्यंत हात लावत नाही. थोडं जास्त तापमान असेल तर तक्ता बघून वेळ कमी करता येतो, पण पाच मिनिटांच्या खाली गेलात तर फिल्मवर चट्टे येऊ शकतात.

डेव्हलपरमध्ये असताना दर मिनिटाला दहा सेकंद टाकी हलवायची. मग पाणी, मग फिक्सर, मग भरपूर धुणं. धुण्यात आळस केला तर काही वर्षांनी पिवळे-तपकिरी डाग येतात. जुन्या अल्बममध्ये असे डाग दिसले की मी आता 'काळाचा परिणाम' असं मोघम लिहीत नाही. प्रिंटसाठी एन्लार्जरही लागत नाही. काचेखाली कागदावर निगेटिव्ह दाबून क्षणभर बल्ब लावला की कॉन्टॅक्ट प्रिंट तयार.

एवढं केलंत की संग्रहातला फोटो हातात घेताना प्रश्न आपोआप सुचतात. ही प्लेट कुठले रंग ओळखणारी होती? ही निगेटिव्हएवढीच कॉन्टॅक्ट प्रिंट आहे, की मोठी करताना कडा कापल्या? डाग धुण्याचा की साठवणुकीचा? धुतलं कोणी?

त्या तीन पानांचं काय केलं? काढून टाकली. त्यांच्या जागी एक परिच्छेद आहे : लुगडं काळं किंवा तांबडं असू शकतं, आणि केवळ या फोटोवरून बाई सवाष्ण की विधवा हे ठरवता येत नाही. गाइड म्हणाले, "प्रकरण बारीक झालं." झालं खरं. पण जिचं नावही मला माहीत नाही, अशा बाईला मी माझ्या सोयीसाठी सवाष्ण ठरवून मोकळी झाले होते. आता निदान तसं होत नाही.