मोबाईलवर एफपीएस गेम शिकताय? आधी दोन अंगठ्यांची कामं वाटून घ्या

‘कॉल ऑफ ड्यूटी मोबाईल’ पहिल्यांदा उघडला की स्क्रीनवर बटणांची जत्रा दिसते. नवीन खेळाडू लगेच चांगली बंदूक कोणती हे शोधायला लागतो. माझ्या मते बंदुकीचं नंतर बघू. पहिला आठवडा फक्त दोनच गोष्टींना द्या: चालणं आणि बघणं.

एफपीएस म्हणजे नेमकं काय?

फर्स्ट पर्सन शूटर, थोडक्यात कॅमेरा तुमच्या पात्राच्या डोळ्यांत असतो. बीजीएमआयमध्ये बहुतेक जण पात्राच्या पाठीमागचा कॅमेरा लावून खेळतात. इथे मात्र स्वतःचं अंग दिसत नाही, समोर फक्त हात आणि बंदूक. म्हणजेच तुम्ही जिकडे बघता तिकडेच नेम असतो. बघणं चुकलं की गोळी चुकली.

१९९३ साली आलेल्या ‘डूम’ मध्ये वर-खाली बघायची सोयच नव्हती, लोक कीबोर्डच्या बाणांवर खेळायचे. पुढे चालायला डब्ल्यू, ए, एस, डी ही बटणं आणि बघायला माऊस अशी वाटणी रूढ झाली. फोनवर तीच वाटणी दोन अंगठ्यांत आहे. फरक एवढाच की काच सपाट असते, बटण कुठे आहे ते बोटाला चाचपडून कळत नाही. म्हणून सराव जास्त लागतो.

डावा आणि उजवा

डावा अंगठा जॉयस्टिकवर. पुढे, मागे, बाजूला सरकणं हे त्याचं काम. स्टिक पूर्ण वर ढकलली की पात्र पळतं, आणि पळताना खाली बसायचं बटण दाबलं की घसरत जातं, ज्याला स्लाईड म्हणतात.

उजवा अंगठा स्क्रीनच्या रिकाम्या भागावर. तो घासला की मान वळते. फायर, उडी, बसणं, रीलोड आणि स्कोप ही बटणंही याच बाजूला, म्हणजे सगळा भार याच बिचाऱ्यावर.

आता खरा सराव. ‘प्रॅक्टिस व्हर्सेस एआय’ मध्ये जा, तिथे समोर माणसं नाही, बॉट असतात. भिंतीवरची एखादी खूण निवडा. डाव्या अंगठ्याने बाजूला सरकत राहा आणि उजव्याने मान उलट्या दिशेला वळवत क्रॉसहेअर त्याच खुणेवर ठेवा. गोळी झाडायची नाही! मध्येच एखादा बॉट मारेल, मारू दे. रोज दहा मिनिटं करा. कंटाळवाणं आहे खरं, पण यापेक्षा उपयोगी दुसरा व्यायाम मला माहीत नाही, कारण खऱ्या चकमकीत हेच करावं लागतं: हलत राहायचं आणि नेम सोडायचा नाही.

अजून एक गोष्ट. चालताना क्रॉसहेअर जमिनीकडे झुकू देऊ नका. समोरच्याची छाती जिथे येईल त्या उंचीवर धरा, म्हणजे शत्रू आला की थोडंसंच वळावं लागतं.

सिम्पल मोड की ॲडव्हान्स्ड?

सिम्पल मोडमध्ये क्रॉसहेअर शत्रूवर गेलं की बंदूक आपोआप चालते. पहिले दोन-चार दिवस ठीक. पण कधी झाडायचं हे गेमच ठरवणार असेल तर तुम्ही लपून वाट बघणार कशी? म्हणून लवकरच ॲडव्हान्स्डला या. तिथे फायर बटण तुमच्या हातात असतं, आणि तेच दाबून धरून अंगठा सरकवला तरी नजर वळते. बंदूक वर उसळली की अंगठा हळूच खाली ओढायचा.

स्कोपमधून नेम धरला, म्हणजे एडीएस केलं, की गोळ्या कमी विखुरतात, पण चालण्याचा वेग घटतो. शत्रू दोन पावलांवर असेल तर स्कोप न उघडता झाडणं बरं.

सेन्सिटिव्हिटी

अंगठा किती सरकवल्यावर नजर किती वळावी, त्याचं हे माप. व्हिडिओ बघून दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे टाकू नका. त्याचा फोन वेगळा, अंगठा वेगळा. साधी कसोटी सांगतो: अंगठा आरामात एकदा घासून पाठीमागे, म्हणजे १८० अंश, वळता आलं पाहिजे. वळायला कमी पडलं तर आकडा वाढवा, जास्त वळलं तर कमी करा. रोटेशन मोड ‘फिक्स्ड स्पीड’ ठेवा, म्हणजे तेवढंच घासलं की दरवेळी तेवढंच वळतं. मग निदान आठवडाभर आकड्यांना हात लावायचा नाही. रोज आकडे बदलले तर अंगठ्याला सवय लागणार कधी?

बटणांची जागा

कंट्रोल सेटिंगमध्ये कस्टम लेआउट मिळतो. फायर आणि स्कोप थोडे मोठे करा, चुकून दाबली जाणारी बटणं लांब न्या. डावीकडेही एक फायर बटण असतं. तर्जनीने ते दाबायची सवय केली की उजवा अंगठा फक्त बघायला मोकळा राहतो. यालाच क्लॉ पकड म्हणतात. सुरुवातीला बोटं दुखतात, म्हणून घाई नको. जायरोस्कोप, म्हणजे फोन हलवून नेम धरणं, हे त्याच्याही नंतर. काही स्वस्त फोनमध्ये तो सेन्सरच नसतो, आधी तपासा.

फोन अडकत खेळत असेल तर ग्राफिक्स कमी करून फ्रेम रेट वाढवा. चित्र थोडं साधं दिसेल, पण बोट हलवताच नजर वळेल. हेडफोन लावले तर कोणत्या बाजूने पावलं येतायत तेही कळतं.