अंगठा चोखणारं मूल दप्तरात कुठे सापडतं?

बालपणाच्या इतिहासावर काम करायचं मनात असेल, तर आधी एक छोटा सराव करून बघा. लहान मुलाचं अंगठा चोखणं घ्या आणि विचारा: ही 'वाईट सवय' म्हणून कागदावर कधी आली?

चोखणं जन्माआधीचं आहे. गर्भातलं बाळ अंगठा चोखताना सोनोग्राफीत दिसतं. त्याबद्दलच्या काळजीला मात्र तारखा आहेत. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइन्रिख हॉफमान यांच्या 1845 च्या बालपुस्तकात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी कात्रीने कापतो. 1879 मध्ये बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ लिंडनर यांनी या सवयीवर सविस्तर लेख लिहिला. 1905 मध्ये फ्रॉइडने त्याचाच आधार घेत आपला सिद्धान्त मांडला. म्हणजे धाकाची गोष्ट आधी दवाखान्यात गेली आणि मग मानसशास्त्रात.

आता हाच प्रश्न घेऊन चंद्रपूर-गडचिरोलीकडे या. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीचे कागद 'चांदा' या नावाखाली शोधावे लागतात. 1909 चं चांदा गॅझेटिअर हे जंगल, महसूल, जाती-जमाती यांचा हिशेब ठेवणारं सरकारी पुस्तक. मुलाच्या अंगठ्यासाठी ते लिहिलेलंच नाही. इथे घाईने 'इकडे हा प्रश्नच नव्हता' असं लिहून मोकळे होऊ नका. कागद गप्प असला, तर लिहिणारा काय मोजत होता एवढंच कळतं. मूल काय करत होतं ते कळत नाही.

मग चोखण्याची नोंद कुठे आहे? अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. 1995 पासून गडचिरोलीतल्या 39 गावांत गावातल्याच बायका, म्हणजे आरोग्यदूत, घरी जाऊन नवजात बाळ तपासू लागल्या. जंतुसंसर्ग ओळखायच्या लक्षणांत एक होतं: आधी नीट पिणाऱ्या बाळाचं दूध ओढणं मंदावणं. या गावांतला नवजात मृत्युदर 1993-95 मध्ये हजारी 62 होता, तो 1997-98 मध्ये 25.5 वर आला.

बघा, बुडापेस्टच्या डॉक्टरला मूल फार चोखतं याची चिंता होती, आणि गडचिरोलीच्या आरोग्यदूताला बाळ चोखेनासं झालं याची. 1879 चा प्रश्न जसाच्या तसा इथे आणलात, तर ही नोंद तुमच्या 'विषयाबाहेर' पडते. आणि इथे तर पणाला बाळाचा जीव होता.

आजच्या आईबापांनाही यातून काही मिळतं. बहुतेक मुलं 2 ते 4 वर्षांच्या दरम्यान ही सवय आपणहून सोडतात. पुढेही चालू राहिली, तर कायमचे दात येण्याआधी दंतवैद्याला दाखवावं. बोटाला कडुनिंब फासण्याआधी मूल केव्हा चोखतं ते चार दिवस बघा: झोप आली की, कंटाळा आला की, घाबरलं की? मग त्या वेळी हाताला खेळणं द्या, जवळ घ्या, आणि न चोखल्याबद्दल शाबासकी द्या.

तुमच्या विषयातली अशीच एक कृती निवडा आणि वहीत तीन रकाने आखा: नोंद कोणी केली, कशासाठी केली, काय मोजलं. प्रस्ताव लिहायला त्यानंतर बसा.