शंकर आबाजी भिसे

शंकर आबाजी भिसे (जन्म : मुंबई, २९ एप्रिल १८६७; मृत्यू : न्यूयॉर्क, ७ एप्रिल १९३५) हे मराठी यंत्रसंशोधक होते. त्यांना ‘भारताचे एडिसन’ म्हटले जाते. सुमारे २०० शोध आणि ४० पेटंटे त्यांच्या नावावर सांगितली जातात. तथापि त्यांचे महत्त्व या संख्येपेक्षा खिळे ओतण्याच्या यंत्रात अधिक आहे.

साखर, पीठ यांसारखा सुटा माल आपोआप वजन करून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्याबद्दल त्यांना लंडनच्या एका नियतकालिकाचे पारितोषिक मिळाले. पुढे दिनशा वाच्छा यांचे शिफारसपत्र घेऊन ते लंडनला दादाभाई नौरोजींकडे गेले. दादाभाईंनी त्यांना आर्थिक साहाय्य केले. तेथे त्यांनी विजेवर चालणारे जाहिरातयंत्र व अनेक घरगुती उपकरणे तयार केली.

त्या काळी छपाईसाठी शिशाच्या मिश्रधातूचे खिळे लागत. लायनोटाइप यंत्र अख्खी ओळ एकसंध ओतत असे. त्यामुळे एक अक्षर चुकले, तरी सबंध ओळ पुन्हा ओतावी लागे. सुटे खिळे वापरल्यास चुकीचे अक्षर तेवढे बदलता येई, पण ते ओतण्याचे काम संथ होते. हा वेग वाढवण्यासाठी भिसे यांनी ‘भिसोटाइप’ यंत्राची रचना केली. कल्पना नामी होती. उणीव होती ती भांडवलाची. इंग्लंडमधील समाजवादी नेते हिंडमन यांनी पैसा उभारण्याचा प्रयत्न केला, परंतु तो फसला. भिसे १९०८ मध्ये निराश होऊन मायदेशी निघाले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या ओळखीने त्यांचा सर रतन टाटा यांच्याशी संबंध आला आणि ‘टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट’ स्थापन झाले. टाटांच्या पाठबळावर त्यांनी लंडनमध्ये पुन्हा काम सुरू केले. मात्र पहिल्या महायुद्धाच्या काळात हा उपक्रमही बंद पडला. ज्या यंत्रावर उमेदीची वर्षे खर्ची पडली, ते छापखान्यांत रुजण्याआधीच त्याचा आधार दोनदा तुटला.

त्यानंतर भिसे अमेरिकेत स्थायिक झाले. तेथे त्यांनी ओतयंत्रात सुधारणा करून त्याच्या उत्पादनासाठी कंपनी काढली. उतारवयात त्यांना अर्थप्राप्ती झाली ती मात्र यंत्रापासून नव्हे, तर ‘ॲटोमिडीन’ या आयोडीनयुक्त औषधापासून.