गणितशाखेची पारख

श्रीतुकोबारायांची पालखी सणसरास मुक्कामाला होती. त्या रात्री एका बागाईतदार गृहस्थांनी आम्हांस विचारले, "पोरगा गणितच घेणार म्हणतोय. बारामतीला ठेवू का पुण्याला धाडू? चांगलं कॉलेज ओळखायचं कशावरनं, सर?" पंचवीसहून अधिक वर्षे हाच विषय शिकवीत असूनही आम्ही क्षणभर निरुत्तर झालो.

रूढ उत्तर असे की, निकाल पाहावा आणि अध्यापकांच्या पदव्या पाहाव्या. इतिहासाची साक्ष मात्र या उत्तरास फारशी अनुकूल नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले ते लंडनच्या धर्तीवर, केवळ परीक्षा घेण्यासाठी. शिकविण्याचे काम कॉलेजांचे. त्यामुळे शिकवणीचे मोल गुणांच्या तागडीत करण्याची खोड आपणांस आरंभापासूनच जडली. पुढे १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झाले, तेव्हा महाराष्ट्रास धन्य वाटले, आणि ते यथार्थच होते. परंतु ती क्रमवार यादी खुद्द केंब्रिजनेच १९०९ नंतर बंद केली. केल्व्हिन आणि मॅक्सवेल हे दोघेही त्या यादीत दुसरेच आले होते. त्यांच्या वरच्यांची नावे आज कितीजणांस सांगता येतील?

पदव्यांची गोष्ट याहून मौजेची. डेक्कन कॉलेजात गणित शिकविणारे केरुनाना छत्रे यांजपाशी विद्यापीठाची पदवीच नव्हती. तथापि त्यांच्या हाताखाली टिळक शिकले. टिळकांनी फर्ग्युसनमधील अध्यापन १८९० साली सोडले, आणि १८९३ साली 'ओरायन' प्रसिद्ध केला. त्यात वसंतसंपाताच्या स्थानावरून वेदकालाचा निर्णय केलेला आहे. तो निर्णय कोणास पटो वा न पटो. परीक्षा होऊन इतकी वर्षे लोटल्यावरही शिष्य गणिताचे हत्यार स्वतःच्या प्रश्नावर चालवीत होता, हे गुरूच्या शिकवणीचे खरे प्रमाणपत्र होय.

आम्हांस याहूनही अधिक जवळचे वाटते ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचे उदाहरण. फर्ग्युसनचे विद्यार्थी असताना, १९२७ साली, त्यांना स्वतंत्र लेखनाबद्दल परांजप्यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले. पुढे उच्च पदवी नाही, संशोधनसंस्था नाही, देवळालीच्या शाळेतील मास्तरकी तेवढी. चारही अंक एकच नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करावे, आणि हीच कृती पुनःपुन्हा करावी. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. हा शोध त्यांचा. कित्येक पंडितांनी त्यांची टर उडविली. नंतर १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी त्यांजवर लिहिले तेव्हा जगाचे लक्ष गेले. पदवीपूर्व विद्यार्थ्यास पाठ्यपुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारण्यास बक्षीस देणारे कॉलेज निकालपत्रावरून कसे ओळखावे?

म्हणून त्या गृहस्थांस आम्ही सुचविले की, कॉलेजातील दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या साधारण मुलाची तपासलेली वही मागून पाहावी. चुकलेल्या पायरीपाशी नुसती तांबडी फुली आहे, की चूक कोठे झाली ते लिहिले आहे? आमच्या विभागातील वह्यांत फुल्याच अधिक निघतील, हेही कबूल केले.

"मला काय कळणार त्यातलं?"

"तुमच्या मुलास बरोबर न्या. त्याला कळेल."