ऐतिहासिक वास्तूंतील लाकडी फर्निचर : पालघर–तारापूर किनारा

विशिष्ट वास्तूसाठी, तिच्या दालनांची मापे आणि तेथील विधी वा व्यवहार ध्यानात घेऊन हाताने घडविलेले लाकडी सामान. बाजारातील तयार फर्निचर कोणत्याही घरात वापरता येते. या प्रकारच्या फर्निचरचे आयुष्य मात्र बहुधा मूळ वास्तूच्या उपयोगाशी निगडित असते. पालघर जिल्ह्याच्या (स्थापना १ ऑगस्ट २०१४; तत्पूर्वी ठाणे जिल्ह्याचा भाग) किनारपट्टीच्या इतिहासात हा संबंध स्पष्टपणे दिसतो.

लाकूड व रचना : जव्हार, मोखाडा, वाडा या डोंगराळ भागांतील जंगले सागासाठी प्रसिद्ध होती. सागवानातील नैसर्गिक तेलामुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही व हवामानातील फरकाने ते फारसे वाकत नाही. तथापि किनाऱ्यावरील दमट हवेत रुंद फळी पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. म्हणून कुशल सुतार ती चौकटीच्या खाचेत किंचित सैल बसवितात. चौकटीचे सांधे खाच व जीभ यांनी जोडून लाकडी खुंटीने पक्के करतात. खाऱ्या हवेत गंजणारे लोखंडी खिळे शक्यतो टाळतात.

पोर्तुगीज काळ : १५३४ च्या तहाने वसई व तिचा प्रदेश पोर्तुगीजांकडे आला. वसईत व किनाऱ्यावर चर्च, मठ व किल्ले उभे राहिले. तारापूरचा किल्ला त्यांपैकी होय. सोळाव्या शतकात आगाशी हे गाव जहाजबांधणीसाठी ख्यातनाम होते; सागाची पारख असलेले कारागीर या किनाऱ्यावर होते. चर्चमधील वेदीमागची कोरीव मखरे, प्रवचनपीठे आणि धर्मगुरूंच्या वस्त्रांसाठीचे खणांचे रुंद पेटारे ही कामे जागेच्या मापानेच करावी लागत. घाट यूरोपीय व कारागीर भारतीय, अशा या संगमातून गोव्यातील फर्निचरमध्ये नागकन्येच्या आकाराचे पाय असलेली कपाटेही निर्माण झाली.

जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पाच्या सैन्याने तारापूर घेतले. त्या झुंजीत बाजी भिवराव रेठरेकर हा सरदार पडला. त्याच वर्षी मे महिन्यात वसई शरण आली. शरणागतीच्या अटींप्रमाणे रहिवाशांना जंगम मालमत्ता नेण्याची मुभा मिळाली. लाकडी सामान जंगम. भिंती तेवढ्या स्थावर. वसईच्या किल्ल्यातील चर्चचे दगडी दर्शनी भाग आजही उभे आहेत. छपरे व अंतर्गत लाकूडकाम उरलेले नाही. तेथील घंटा मात्र देवळांत गेल्या व तेथील पूजेचा भाग बनल्याने टिकल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. याच किनाऱ्यावर उत्तरेस असलेले दमण १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे राहिले व तेथील उपासना खंडित झाली नाही. त्यामुळे तेथील बाँ जेझूस चर्चमधील (१६०३) कोरीव लाकडी वेदी आजही पाहावयास मिळते. लाकूड व हवा सारखीच असता हा फरक उपयोगाच्या सातत्याने पडला.

मराठी व ब्रिटिश काळ : मराठी वाड्यांत बैठक जमिनीवर असे. पाट, चौरंग, देव्हारा, झोपाळा व पेटारा एवढेच सुटे सामान. फडताळे भिंतीतच घडविली जात. साहजिकच त्यांचे नशीब वाड्याशी बांधलेले होते. शनिवारवाड्याचे बहुतेक लाकूडकाम १८२८ च्या आगीत नष्ट झाले. एकोणिसाव्या शतकात मुंबईत कोरीव शिसवी फर्निचरचा स्वतंत्र घाट विकसित झाला व श्रीमंत पारशी आणि यूरोपीय घरांत तो मानाचा ठरला. १८६४ मध्ये पालघर–बोईसरमार्गे मुंबई–गुजरात लोहमार्ग जोडला गेला आणि हा किनारा मुंबईच्या बाजारपेठेच्या निकट आला.

जतन : केवळ इमारत दुरुस्त करून ऐतिहासिक वास्तू पूर्ण होत नाही, ही जाणीव अलीकडील आहे. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात (१८७२, नूतनीकरणानंतर २००८ मध्ये पुन्हा खुले) वास्तूबरोबरच जुन्या लाकडी प्रदर्शनपेट्यांचेही जतन झाले. नवे फर्निचर करताना मूळ सामानाची मापे, लाकडाची जात व सांध्यांची पद्धत नोंदवून घेणे, उरलेला तुकडा शक्यतो जागीच राखणे आणि नवा भाग ओळखू येईल असा ठेवणे ही पथ्ये पाळली जातात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते फर्निचर वापरात राहणे. वसई व दमण यांचा अनुभव हेच दर्शवितो.